खरेदीदाराने 'आचारसंहिता' पाठवली आहे, सही करण्याआधी काय काय बघू?

मूस_चिमटा

मंडळी, माझं दागिन्यांच्या ओतकामाचं आणि जडावाचं छोटं वर्कशॉप आहे. स्वतःच्या नावाने काही विकत नाही, मोठ्या ब्रँडांच्या ऑर्डरी बनवून देतो. आजवर आम्हाला चारच गोष्टी विचारल्या जायच्या: वजन, कस, घट आणि माल कधी मिळणार. आता एका खरेदीदाराने जाडजूड फॉर्म पाठवलाय. नाव 'पुरवठादार आचारसंहिता'. महिनाअखेरपर्यंत भरून सहीशिक्क्यानिशी परत करायचा, नाहीतर पुढची ऑर्डर विसरा.

मागणी अशी. आरजेसी प्रमाणपत्र जोडा. आयएसओ २६००० प्रमाणपत्र जोडा. वापरलेलं सगळं सोनं 'कॉन्फ्लिक्ट-फ्री', म्हणजे ज्याचा पैसा कुठल्या लढाईला गेला नाही असं, असल्याची मालकाने लेखी हमी द्यावी. हिऱ्यांसाठी किंबर्ली सर्टिफिकेटची प्रत लावा. शिवाय कामगारांचं वय, कामाचे तास, उचल, सुरक्षा यावर पानंच्या पानं प्रश्न.

माझं घोडं सोन्यापाशीच अडतं. काही सोनं रिफायनरीच्या शिक्क्याच्या लगडींचं, काही ऑर्डर देणारेच पाठवतात, काही जुनी मोड. आटवलं की सगळं एकाच मुशीत. कस विचाराल तर झोपेतून उठवलं तरी सांगेन, पण ते कुठल्या खाणीतून निघालं हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. हिरे तर पैलू पाडूनच येतात, सोबत फक्त बिल.

एक सल्लागार म्हणतोय, दोन आठवड्यांत सगळे कागद तयार करून देतो, आयएसओ २६०००सकट. घेऊ का त्याला? कोणी हे आधी केलंय का?

घाट_घडण

सही करून मोकळे व्हा. सगळे करतात. ते फॉर्म कोणी वाचत नाही, फायलीला लागतात आणि विषय संपतो. धंदा करायचा की निबंध लिहायचे?

भिंगवाली

घाट_घडण, फॉर्म वाचला जात नाही हे बऱ्याचदा खरं आहे. पण एखाद्या पत्रकाराने त्या ब्रँडवर काही छापलं की सगळ्यात आधी तीच फाईल उघडली जाते, आणि तेव्हा खालची सही वर्कशॉपवाल्याची असते, ब्रँडची नाही.

मी बरीच वर्षं दागिन्यांच्या कारखान्यांच्या तपासण्या केल्या, प्रमाणपत्र देणाऱ्या एका संस्थेच्या वतीने. आता ते काम सोडलंय, म्हणून हात जरा सैल सोडून लिहिते. लांबेल, चहा घेऊन बसा.

मूस_चिमटा, पहिलं काम म्हणजे त्या सल्लागाराला नारळ द्या. आयएसओ २६००० हे सामाजिक जबाबदारीवरचं मार्गदर्शन आहे, २०१० साली आलं. ते प्रमाणपत्रासाठी नाही, असं त्या मानकाच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलंय. म्हणजे हा गृहस्थ तुम्हाला जगात नसलेली वस्तू विकतोय. (फॉर्म बनवणाऱ्यानेही मानक उघडून पाहिलेलं दिसत नाही. हे नेहमीचं आहे. असे फॉर्म तीन-चार जुने फॉर्म चिकटवून बनतात.) त्या रकान्यात 'या मानकाचे प्रमाणपत्र नसते' एवढंच लिहा. कामगारांच्या बाबतीत खरोखर प्रमाणपत्र मिळतं असं मानक म्हणजे एसए ८०००, ते १९९७ पासून आहे. पण ते तुमच्याकडे मागितलेलं नाही, तर उगाच अंगावर घेऊ नका.

आता आरजेसी, म्हणजे रिस्पॉन्सिबल ज्वेलरी कौन्सिल. २००५ साली चौदा संस्था-कंपन्यांनी मिळून काढली. यांची मुख्य मानकं दोन, आणि निम्म्या धंद्याचा घोळ इथेच होतो. 'कोड ऑफ प्रॅक्टिसेस' तपासतं की कंपनी वागते कशी: कामगार, सुरक्षा, लाचलुचपत, खरेदीतली काळजी, मालाबद्दल खरं सांगणं. 'चेन ऑफ कस्टडी' तपासतं तो माल: हे सोनं मान्य स्रोतातून आलं का, आणि वाटेत दुसऱ्या सोन्यात न मिसळता इथवर पोचलं का. पहिलं प्रमाणपत्र असलेल्या कंपनीच्या अंगठीतलं सोनं कुठलं, याबद्दल ते प्रमाणपत्र काहीच बोलत नाही. दुकानात मात्र आरजेसीचा लोगो बघून गिऱ्हाईक नेमका उलटा अर्थ घेतं, आणि विकणाऱ्यांना तो गैरसमज दूर करायची फारशी घाई नसते.

तुमची मूस एक आहे, सोनं तीन वाटांनी येतं. म्हणजे 'चेन ऑफ कस्टडी' आज तुमच्यासाठी नाही. त्यासाठी त्या सोन्याचं आटवण, कीस, झाडण सगळं वेगळं ठेवावं लागतं. 'कोड ऑफ प्रॅक्टिसेस' जमण्यासारखं आहे, पण महिन्याभरात नाही. सभासद झाल्यावर दोन वर्षांत बाहेरच्या तपासनीसाकडून तपासणी करून घ्यायची असते. वर्गणी उलाढालीवर ठरते, तपासणीची फी वेगळी. आणि ती फी ज्याची तपासणी, त्यानेच भरायची. ही व्यवस्था मला कधीच रुचली नाही. तपासनीस कितीही सरळ असला तरी त्याचं बिल समोरचाच भरतो, हे दोघांच्याही डोक्यात असतं.

संस्थेबद्दल भाबडेपणाही नको. ह्यूमन राइट्स वॉचने २०१८ मध्ये तेरा मोठ्या ब्रँडांची झाडाझडती घेतली, तेव्हा नुसत्या आरजेसी प्रमाणपत्रावर विसंबू नका असंच सांगितलं होतं. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर रशियन हिरे कंपनी अलरोसाचं सभासदत्व लगेच का थांबवलं नाही, यावरून पँडोरा, केरिंग, रिशमों या दागिन्यांच्या बड्या कंपन्या बाहेर पडल्या आणि कार्यकारी संचालिकेनेही राजीनामा दिला. तरीही खरेदीदार हेच प्रमाणपत्र मागणार, कारण या धंद्यात इतकं सगळं एका छत्राखाली आणणारं दुसरं फारसं काही नाही.

सोन्याच्या हमीवर येते. 'सगळं सोनं कॉन्फ्लिक्ट-फ्री आहे' यावर सही करू नका. तुम्हाला ते माहीत नाही, आणि कोणतंही गंभीर मानक तुमच्याकडून तसली छातीठोक हमी मागतही नाही. सगळ्यांचं मूळ ओईसीडीच्या, म्हणजे आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या, मार्गदर्शनात आहे, आणि त्याला सोन्यासाठी २०१२ मध्ये वेगळी पुरवणी जोडली गेली. त्याचा गाभा एवढाच: तुमची पद्धत काय, धोका कुठे दिसला, दिसल्यावर काय केलंत, रिफायनरीची तपासणी कोणी केली, आणि हे दरवर्षी उघडपणे सांगता का. काँगोच्या लढाईत खनिजांचा पैसा जातो म्हणून अमेरिकेने २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यात कलम १५०२ घातलं. तिथल्या शेअरबाजारावर नोंदलेल्या कंपन्यांना कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं यांची चौकशी करून अहवाल द्यावा लागतो. तुमचा फॉर्म बहुधा तिथून झिरपत झिरपत खाली आलाय. युरोपचा नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, पण तो वर्षाला १०० किलोपेक्षा जास्त सोनं आयात करणाऱ्यांसाठी. तयार दागिना त्यात येत नाही.

आणि खरेदीदाराला प्रत्यक्षात खाणीचं नाव नकोच असतं. त्याला रिफायनरीचं नाव हवं असतं. वर असंख्य खाणी, खाली असंख्य वर्कशॉप, मध्ये मोजक्या रिफायनऱ्या. चौकशी करायची तर तिथेच होऊ शकते. एलबीएमए या लंडनच्या सराफा बाजाराच्या संघटनेच्या यादीत राहायचं असेल तर रिफायनरीला दरवर्षी स्रोतांची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी लागते. तेव्हा लगड मुशीत टाकण्याआधी तिच्यावरचा शिक्का, कस आणि अनुक्रमांक वहीत उतरवा, फोटो काढा. आज तुम्ही वजन लिहिता आणि आटवता, बरोबर? त्या एका मिनिटात तुमच्याकडचा एकमेव पुरावा वितळून जातो.

हमीच्या जागी असं लिहा: 'आमच्या सोन्याचा अमुक भाग या रिफायनऱ्यांच्या लगडींचा, अमुक भाग ऑर्डर देणाऱ्यांनी पुरवलेला, उरलेला मोडीचा. लगडींचे क्रमांक नोंदवलेले आहेत. पुरवलेल्या सोन्याचा स्रोत आम्ही लेखी मागितला आहे, उत्तर आले वा न आले ते सोबत.' हे वाचून कोणी ऑर्डर काढून घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही. खोट्या हमीवरून गेलेल्या ऑर्डरी मात्र पाहिल्यात.

हे सगळं कशासाठी, ते एकदा डोळ्यासमोर आणा. जगात दरवर्षी खाणीतून निघणाऱ्या सोन्याचा साधारण पाचवा हिस्सा हाताने खणणाऱ्या छोट्या खाणकामगारांकडून येतो. दळलेल्या दगडात पारा मळायचा, पारा सोन्याला धरतो, मग तो गोळा तव्यावर तापवायचा. पारा उडून जातो, सोनं राहतं. हे उघड्यावर होतं, कधी राहत्या घरातसुद्धा, आणि शेजारी पोरं बसलेली असतात. माणसाने हवेत सोडलेल्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा स्रोत हाच आहे. त्यासाठी मिनामाता करार आहे, १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू. आता तुमच्या मुशीत आलेलं सोनं कोणत्याही प्रयोगशाळेत द्या, कस ९९५ की ९९९ ते दशांशात सांगतील. त्या पाऱ्याचा मागमूस लागणार नाही. म्हणून कागद मागतात.

पण म्हणून 'छोट्या खाणीचं सोनं आम्ही घेत नाही' असं फुशारकीने लिहू नका. ओईसीडी असं सांगत नाही. सक्तीची मजुरी, सशस्त्र टोळ्यांना पैसा असलं काही आढळलं तर ताबडतोब संबंध तोडा, पण लाच किंवा कागदपत्रांची लबाडी असेल तर दबाव ठेवून मुदतीत सुधारणा करवून घ्या, असं त्यात आहे. सगळ्यांनी हात झटकले तर ते सोनं तस्कराकडे जातं आणि तिकडून शिक्का मारून परत तुमच्याकडेच येतं. फेअरमाइन्ड, फेअरट्रेड यांसारख्या योजना अशा खाणींना संघटित करून वर जास्तीचा पैसा देतात. फेअरट्रेडमध्ये तो किलोमागे २००० डॉलर आहे. माल थोडा असतो, पण असतो.

आता ज्या पानांकडे तुम्ही 'पानंच्या पानं प्रश्न' म्हणून बघताय, तिकडे वळा. माझ्या मते तुमचा खरा फॉर्म तोच आहे. खाण तुमच्या हातात नाही, तुमची खोली आहे. तपासनीस आला की लगडींच्या वहीकडे तासभर बघेल आणि उरलेला वेळ माणसांकडे.

कामाचे तास मी हजेरीपत्रकात कधीच शोधले नाहीत. हजेरीपत्रक सगळ्यांचं सुंदर असतं, एकाच पेनाने, एकाच हाताने भरलेलं. मी मागायची ती सोनं देण्या-घेण्याची वही. कारागिराला सकाळी सोनं तोलून देता, रात्री तोलून परत घेता, आणि ग्रॅमच्या भानगडी नकोत म्हणून समोर वेळ टाकता. ती वही कोणी खोटी लिहीत नाही, कारण तिच्यात सोनं आहे. हजेरीत संध्याकाळी सहा आणि वहीत रात्री पावणेअकरा, असं दिसलं की पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं. आरजेसीची मर्यादा आठवड्याला ४८ तास, जादा धरून ६०, आणि सात दिवसांत एक सुट्टी. तुमच्या देशाचा कायदा याहून कडक असेल तर तो चालतो.

दुसरी गोष्ट उचल. कारागिराला उचल देणं गुन्हा नाही. पण ती फिटेपर्यंत त्याला काम सोडता येत नसेल, किंवा त्याची ओळखपत्रं तुमच्या कपाटात असतील, तर ती वेठबिगारी धरली जाते आणि तिथे तपासणी जागीच थांबते. घट ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त आली म्हणून पगारातून कापत असाल तर ते कोणत्या नियमाने, हे कारागिराला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेलं हवं. जाताना झडती घेत असाल तर सगळ्यांची सारखी, बाईची बाईनेच, आणि मालकाच्या पुतण्याचीसुद्धा.

वयाचं थोडक्यात सांगते. धोक्याच्या कामाला अठराच्या खाली कोणी नाही, आणि ओतकाम, तेजाब, पॉलिश ही धोक्याची कामं आहेत. 'शिकाऊ आहे, नुसता बघतो' हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसूही येत नाही.

आणि धूळ. तुम्ही ओतकाम करता, तर मेणाचे नमुने जोडून केलेल्या झाडाभोवती ओतायची ती साच्याची पांढरी पावडर कोण कालवतं? बहुतेक ठिकाणी सगळ्यात नवा पोरगा, कोपऱ्यात, पोतं बादलीत उलटं करून. त्या पावडरीत प्लास्टरबरोबर क्वार्ट्झ आणि क्रिस्टोबलाइट असतं, म्हणजे सिलिका. उठणारा ढग एका मिनिटात बसलेला दिसतो. पण जी धूळ डोळ्याला दिसतच नाही, ती तासन्‌तास हवेत राहते आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. सिलिकोसिस झाला की उलटत नाही. नाकावरचा कापडी मास्क हा निव्वळ देखावा आहे. कालवण्याच्या तोंडाशी धूळ ओढून घेणारा पंखा लावा, फ्लास्क, म्हणजे त्या पावडरीचा साचा असलेलं नळकांडं, कोरडा फोडू नका, गरम असतानाच पाण्यात सोडा, आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. झाडणातलं सोनं जाईल ही भीती मला माहीत आहे. पुसलेलं पाणी गाळून त्यातलंही सोनं झारेकरी काढतो.

जाता जाता एक. डाख कॅडमियमचा वापरत असाल तर आजच बंद. लवकर पाघळतो, छान बसतो, सगळं खरं. पण त्याचा धूर किडनी आणि फुप्फुसं खातो, आणि युरोपने २०११ च्या नियमाने दागिन्यातही डाखातही कॅडमियम ०.०१ टक्क्याच्या वर चालणार नाही असं ठरवलंय. कानात घालायच्या काडीतून निकेल किती सुटतं, यालाही तिथे मर्यादा आहे: चौरस सेंटिमीटरला आठवड्याकाठी ०.२ मायक्रोग्रॅम.

रफ_ते_पॉलिश

भिंगवालीताई सोन्याचं बोलल्या, मी हिऱ्यांचं जोडतो. आयुष्य सॉर्टिंगच्या टेबलावर गेलं.

मूस_चिमटा, तुमच्याकडे किंबर्ली सर्टिफिकेटची प्रत असूच शकत नाही. १ जानेवारी २००३ पासूनची ही योजना फक्त रफ, म्हणजे पैलू न पाडलेल्या हिऱ्यांची आहे. रफचं पाकीट एका देशातून दुसऱ्या देशात सीलबंद जातं, त्या पाकिटाबरोबर सर्टिफिकेट जातं. सील फुटलं, माल चाळला, पैलू पडले, संपलं. प्रत्येक खड्याच्या गळ्यात ते बांधलेलं नसतं. पॉलिश मालाला चालतं ते वर्ल्ड डायमंड कौन्सिल या हिरे व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या पद्धतीचं हमीचं वाक्य, बिलावर छापलेलं. पुरवठादाराकडून प्रत्येक बिलावर ते घ्या आणि तुमच्या बिलावर पुढे द्या. फॉर्ममध्ये त्या बिलांच्या प्रती लावा.

ते वाक्य कितपत भरवशाचं, हा वेगळा विषय. किंबर्लीच्या व्याख्येत 'संघर्षाचा हिरा' म्हणजे बंडखोरांनी सरकारविरुद्ध लढायला वापरलेला. अंगोला, सिएरा लिओन डोळ्यासमोर ठेवून केलेली व्याख्या ती. २००८ मध्ये झिम्बाब्वेच्या मारांगेत सरकारी सैनिकांनीच खाणकामगारांवर गोळ्या झाडल्या. बंडखोर नव्हते, म्हणून व्याख्येत बसेना. किंबर्लीने पुढे मारांगेच्या मालाच्या निर्यातीला परवानगी दिली. ज्या ग्लोबल विटनेसने १९९८ मध्ये संघर्षाच्या हिऱ्यांचं प्रकरण जगासमोर आणलं होतं, तीच संस्था २०११ मध्ये किंबर्लीतून बाहेर पडली. किंबर्लीत निर्णय सगळ्यांच्या संमतीने होतात, एकाने नाही म्हटलं की प्रस्ताव पडतो. व्याख्या बदलायच्या बैठका वर्षानुवर्षं चालल्यात.

आणखी एक. अर्धा कॅरट आणि त्यावरच्या खड्यांना खरेदीदार आता खाणीचा देश विचारतील. रशियन हिऱ्यांवर जी-७ देशांनी बंदी घातली ती टप्प्याटप्प्याने, २०२४ च्या मार्चपासून एक कॅरट, सप्टेंबरपासून अर्धा. दुसऱ्या देशात पैलू पाडले तरी सुटका नाही. तिथे किंबर्लीचा कागद कामाचा नाही, कारण मिसळलेल्या मालावर 'मिश्र मूळ' एवढंच लिहून येतं.

बारीक माल घेत असाल तर मशीनवर तपासून घ्या, लॅबमध्ये बनवलेले खडे नैसर्गिकात मिसळून येतात. आयएसओ १८३२३ प्रमाणे नुसतं 'हिरा' लिहिलं की तो नैसर्गिकच धरला जातो. सही तुमची, जबाबदारी तुमची.

बफ_मारणारा

मी मालक नाही, पॉलिशवर काम करतो. एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडे तपासणीच्या आदल्या दिवशी नवीन गॉगल, मास्क, हातमोजे वाटतात. अग्निशमनाचा डबा पुसून भिंतीला लागतो. सुपरवायझर उत्तरं पाठ करून घेतो: तास किती, आठ. उचल आहे का, नाही. तक्रार कुठे करायची, पेटीत. पेटीची किल्ली त्याच्याच खिशात. तपासणारे आले, गेले, गॉगल परत जमा. भिंगवालीताई, हे तुम्हाला दिसत होतं की नाही?

भिंगवाली

दिसत होतं. गॉगलच्या काचेवरची प्लास्टिकची पापडी तशीच असायची. पाठ केलेली उत्तरंही ओळखू येतात, पाच माणसं एकच वाक्य त्याच क्रमाने बोलतात. म्हणून मुलाखतीसाठी माणसं मी स्वतः निवडायची, सुपरवायझरने पुढे केलेली नाही, आणि दार लावून बोलायची. तास विचारायचेच नाहीत. शेवटची बस चुकली तर घरी कसे जाता, असं विचारायचं.

पण कबूल केलं पाहिजे की ठरवून केलेली दोन-तीन दिवसांची तपासणी एवढीच असते. मालकाला तारीख आधी माहीत असते. तुम्ही नाव न घेता प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवू शकता, आणि आरजेसीकडेही तक्रारीची वाट आहे. तुमच्या कारखान्याचं प्रमाणपत्र खरंच आहे का, ते त्यांच्या संकेतस्थळावर आधी बघा. नुसता सभासद आणि प्रमाणित सभासद यांत फरक असतो.

मूस_चिमटा

सगळ्यांचे आभार. सल्लागाराला नाही म्हटलं. लगडींची वही सुरू केली, पावडर कालवायच्या टेबलाला ओढपंखा सांगितलाय. दोन शंका राहिल्यात.

ताई, मोडीचं काय लिहू? 'रिसायकल्ड' लिहिलं तर खरेदीदार खूश होतील असं एकजण म्हणाला. आणि दुसरं, पंखा, वही, तपासणी हा खर्च कोण देणार? त्याच खरेदीदाराने गेल्या ऑर्डरीत घडणावळ कमी करायला लावली.

भिंगवाली

मोडीवर जपून. सोनं कोणी फेकून देत नाही, ते कायम फिरतंच असतं, त्यामुळे 'रिसायकल्ड' लिहिल्याने एकही खाण बंद पडत नाही. बाजारात येणाऱ्या सोन्याचा साधारण पाव हिस्सा असाच परत आलेला असतो. लबाडी करणाऱ्यालाही ही वाट आवडते: खाणीतलं सोनं ओबडधोबड कड्यांच्या रूपात ओतायचं आणि मोड म्हणून विकायचं. तुमच्याकडे मोड आणणारा तोच तोच माणूस आहे का, एकाच घाटाची न वापरलेली कडी आणतो का, कस खाणीतल्या सोन्यासारखा विचित्र आहे का, रोखच मागतो का, हे बघा. वापरलेल्या दागिन्यावर घासल्याच्या खुणा असतात, डाख असतो, मळ असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. माणसाची ओळख आणि मालाचा फोटो ठेवा, आणि फॉर्ममध्ये 'वापरलेल्या दागिन्यांची मोड' असं साधं लिहा. आकर्षक शब्द त्यांना वापरू द्या.

खर्चाचं बोललात ते रास्त आहे, आणि मानकांचा सगळ्यात लंगडा पाय हाच. संयुक्त राष्ट्रांची व्यवसाय आणि मानवी हक्कांवरची २०११ ची तत्त्वं सांगतात की पुरवठादाराकडे होणाऱ्या हानीला तुमची खरेदीची पद्धत कारण असेल तर तुमचीही जबाबदारी आहे. ब्रँडांना हे पाठ असतं, फक्त त्यांच्या फॉर्ममध्ये तो प्रश्न नसतो.

सोनं देण्या-घेण्याची वही काढा. ज्या आठवड्यांत रात्री उशिरापर्यंत काम झालं, त्यांच्यासमोर त्या खरेदीदाराने डिझाइन कधी बदललं, मेणाचे नमुने कधी मंजूर केले आणि माल पाठवायची तारीख मात्र तीच कशी ठेवली, हे मांडा. मी पाहिलेल्या वह्यांमध्ये ते जुळायचं. एका पानाचं पत्र करा: तुमची डिझाइन-मंजुरी इतके दिवस आधी आली तर तास ६० च्या आत राहतील, ओढपंख्याचा खर्च इतका, घडणावळीत तो असा धरतो. रडगाणं नको, आकडे द्या. फॉर्मच्या शेवटी 'इतर माहिती' असा रकाना असतो. पत्र तिथे जोडा, पोच घ्या आणि प्रत तुमच्याकडे ठेवा.

घाट_घडण

त्या सोनं देण्या-घेण्याच्या वहीचं ऐकून आमची काढून बघितली. वेळेचा रकाना उद्यापासून बंद करू का, असं भाऊ विचारतोय.

भिंगवाली

भावाला सांगा, रकाना बंद झाला की सोनं कमी कधी झालं हेही कळणार नाही. बघा काय परवडतंय.